पेढीची दुसरी वाट : बिनतारी मोडेम कार्ड आणि यूएसबी अडॅप्टर

व्यापाऱ्याची पत दोन गोष्टींवर उभी असते : दिलेला शब्द आणि पाळलेली मुदत. मुदती हुंडी ठरल्या दिवशी सकारली गेली नाही, तर ती वार्ता बाजारात पसरण्यास वेळ लागत नसे आणि त्या पेढीचा कागद पुढे कोणी सहजासहजी हाती धरत नसे. हुंड्यांचा काळ मागे पडला; मुदती मात्र राहिल्या, किंबहुना वाढल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचा महिना ११ आणि २० या दोन तारखांभोवती फिरू लागला. पूर्वी मुदत पाळण्यासाठी तिजोरीत रोकड असली की पुरे. आता रोकड आणि हिशेब दोन्ही चोख असूनही, संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट त्या दिवशी बंद असेल, तर मुदत टळते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे बाजारपेठेचे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. जिल्ह्याचे ठिकाण येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. पंचक्रोशीतला कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद हा येथील उलाढालीचा आधार. जवळच पैनगंगेचे पात्र आणि तिच्या नावाचे अभयारण्य, नदीपलीकडे नांदेड जिल्हा, त्यापुढे तेलंगणाची हद्द. येथून आदिलाबादकडे निघालेला मालट्रक राज्याची सीमा ओलांडतो, आणि आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या करपात्र मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आवश्यक झाले आहे. ट्रक भरून उभा, चालक निघण्याच्या घाईत, आणि नेमकी त्याच वेळी रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटलेली, अशी अडचण लहान गावातील कोणत्याही व्यापाऱ्याला नवी नाही. बिलाशिवाय गाडी सोडावी तर वाटेत अडकण्याची आणि दंडाची भीती. थांबवावी तर भाडे चढते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडतो.

विलंबाची किंमत

शासनाने विलंब शुल्काला मर्यादा घातली आहे. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये, आणि देय कर शून्य असल्यास २० रुपये आकारले जातात. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असल्यास हे शुल्क प्रत्येक विवरणपत्रामागे २,००० रुपयांवर, आणि दीड ते पाच कोटींच्या दरम्यान ५,००० रुपयांवर थांबते. उशिरा भरलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज लागते ते वेगळे. ही रक्कम एखादी पेढी सोसूही शकेल.

खरे नुकसान दुसरीकडे होते. विक्रेत्याने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरले, तर त्याची बिले १४ तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात आणि त्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. ढाणकीच्या व्यापाऱ्याचे ११ तारखेला राहून गेले, तर अकोल्याच्या किंवा नागपूरच्या खरेदीदाराची वजावट एक महिना पुढे ढकलली जाते. एकाच्या तुटलेल्या केबलचा भुर्दंड दुसऱ्याच्या खेळत्या भांडवलावर पडतो, आणि असे दोनदा झाले की खरेदीदार नवा पुरवठादार शोधू लागतो. कापसाच्या व्यापाऱ्याला आणखी एक काळजी असते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरील कर १५ नोव्हेंबर २०१७ पासून नोंदणीकृत खरेदीदारानेच उलट आकारणीने भरावयाचा आहे, आणि तो वजावटीतून न भागवता रोख खात्यातूनच भरावा लागतो. म्हणजे विवरणपत्राच्या जोडीला बँकेचे संकेतस्थळही त्याच दिवशी उघडले पाहिजे.

आपल्या पर्वांचाही येथे संबंध येतो. २०२३ साली बहुतांश श्वेतांबर परंपरांत संवत्सरी १९ सप्टेंबरला आली आणि दिगंबर परंपरेतील दशलक्षण पर्व त्याच सुमारास सुरू झाले. ३बी ची मुदत होती २० सप्टेंबर. उपवास, प्रतिक्रमण आणि क्षमापना यांच्या दिवसांत पेढीवर बसून बंद पडलेल्या जोडणीशी झगडण्याची वेळ येऊ नये, असे ज्यास वाटते त्याने दुसऱ्या वाटेची सोय आधी केलेली बरी. बँका राखीव निधी ठेवतात तो नित्य वापरासाठी नसतो. पेढीवरील दुसऱ्या जोडणीकडेही त्याच नजरेने पाहावे.

मोबाइल असताना कार्ड कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करणे हा सर्वांत सोपा उपाय असून तो प्रत्येकाला यायलाच हवा. परंतु मोबाइल मालकाबरोबर फिरतो. मालक लग्नकार्याला किंवा तीर्थयात्रेला गेले की पेढीवरील मुनिमाजवळ ती सोय उरत नाही. पत्र्याच्या छपराखाली अथवा जाड भिंतींच्या गोदामात मोबाइलला सिग्नल क्षीण मिळतो आणि त्याला बाहेरची अँटेना जोडण्याची व्यवस्था बहुधा नसते. मोडेम कार्ड मात्र पेढीवरच राहते, त्याचे सिम वेगळे असते आणि त्याची अँटेना खिडकीशी ठेवता येते.

बाजारात तयार फोर-जी डोंगल मिळतात व तेही उत्तम. परंतु अनेक घरांत जुना, कंपनीच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप पडून असतो. त्याचा पडदा किंवा बॅटरी गेलेली असली, तरी व्यवसायासाठी बनवलेल्या काही लॅपटॉपमध्ये सिम घालून चालणारे बिनतारी मोडेम कार्ड आत बसवलेले असते आणि ते बरेचदा धडधाकट असते. ते काढून यूएसबी अडॅप्टरवर बसवले, तर पेढीच्या संगणकाला दुसरी वाट मिळते. उपयोगी वस्तू भंगारात न टाकता तिचा पुन्हा उपयोग करणे हे अपरिग्रहाच्या शिकवणीला धरूनच आहे.

कार्डांचे कुळ

बिनतारी इंटरनेट भारतातील व्यापाऱ्याच्या टेबलावर प्रथम आले ते डेटा कार्डाच्या रूपाने. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉम यांच्या सीडीएमए जाळ्यांवर चालणारी कार्डे, त्यानंतर बीएसएनएलची ईव्हीडीओ सेवा आणि २००८-०९ पासून सरकारी कंपन्यांची थ्री-जी, असा तो क्रम. आरंभीची कार्डे लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवायची, ६८ टाचण्यांची पीसीएमसीआयए धाटणीची होती. पेढीवरील टेबलसंगणकाला अशी खाच नसल्यामुळे अडॅप्टरचा शोध तेव्हापासूनच सुरू झाला. पुढे अरुंद एक्स्प्रेसकार्ड आले, त्यानंतर लॅपटॉपच्या पोटात बसणारे मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि आता एम-डॉट-टू धाटणीचे कार्ड.

यांतील कोणते कार्ड अडॅप्टरवर चालेल, हे ओळखण्याची किल्ली एकच. एक्स्प्रेसकार्ड, मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि एम-डॉट-टू या तिन्ही रचनांच्या जोडणीत पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी अशा दोन मार्गिका शेजारी शेजारी दिलेल्या असतात. मोबाइल जाळ्याची बहुतेक मोडेम कार्डे यांतील यूएसबी मार्गिका वापरतात. त्यामुळे अडॅप्टरला काही भाषांतर करावे लागत नाही; तो केवळ यूएसबीच्या तारा पुढे नेतो, पाच व्होल्टची वीज कार्डाला लागणाऱ्या सुमारे ३.३ व्होल्टवर आणतो आणि सिमसाठी खाच देतो. वाय-फायची कार्डे दिसायला तशीच असली, तरी ती मुख्यतः पीसीआय एक्स्प्रेस मार्गिका वापरतात. म्हणून ती या अडॅप्टरवर चालत नाहीत. जुन्या जाड पीसीएमसीआयए कार्डांची रचनाही वेगळी, शिवाय ज्या सीडीएमए जाळ्यांसाठी ती बनली होती ती जाळीच पुढे बंद झाली. अशी कार्डे ई-कचरा संकलनाकडे सोपवावीत.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी

पहिली गोष्ट लहरींच्या पट्ट्यांची. कार्डावरील मॉडेल क्रमांकावरून ते कोणत्या पट्ट्यांवर चालते याची यादी मिळते. भारतात फोर-जीसाठी पट्टा ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्‌झ, पट्टा ८ म्हणजे ९००, पट्टा ३ म्हणजे १८००, पट्टा १ म्हणजे २१०० आणि पट्टा ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्‌झ हे महत्त्वाचे. कमी कंपनसंख्येच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतींतून अधिक चांगल्या आत येतात. म्हणून टॉवर लांब असलेल्या गावात पट्टा ५ किंवा ८ असलेले कार्ड अधिक भरवशाचे. जिओच्या जाळ्यावर टू-जी आणि थ्री-जी नाही आणि एअरटेलनेही आपले थ्री-जी बंद केले आहे, त्यामुळे केवळ थ्री-जीचे कार्ड आज कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट कार्डाच्या ओळखीची. प्रत्येक मोडेम कार्डाला मोबाइलप्रमाणेच १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. जुने कार्ड बाहेरून विकत घ्यायचे असेल, तर केवायएम ही अक्षरे आणि त्यापुढे तो क्रमांक लिहून १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवावा. उपकरण वैध आहे किंवा काळ्या यादीत आहे हे कळते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरही ही सोय आहे. चोरीचा माल अजाणताही पेढीवर येता कामा नये.

तिसरी गोष्ट विजेची. यूएसबी २.० चा दरवाजा ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट इतकी वीज देतो. कार्ड दूरच्या टॉवरशी बोलताना क्षणभर याहून अधिक वीज मागते आणि ती मिळाली नाही की जोडणी तुटते, पुन्हा लागते, पुन्हा तुटते. अनेकजण यासाठी मोबाइल कंपनीला बोल लावतात. दोष असतो विजेचा. ९०० मिलिअँपिअर देणारा यूएसबी ३ चा निळ्या रंगाचा दरवाजा वापरावा, अथवा स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब घ्यावा.

जोडणीचा क्रम

लॅपटॉप बंद करून, बॅटरी आणि चार्जर दोन्ही सोडवून मगच कार्ड काढावे. या कामाची सवय नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून ते करून घ्यावे. अंगातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून आधी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा आणि कार्ड कडांनीच धरावे. कार्डावरील अँटेनाच्या दोन बारीक टोप्या वर सरळ उचलाव्यात; तिरक्या ओढल्यास तुटतात.

अडॅप्टर कार्डाच्या धाटणीचाच असावा. मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड एम-डॉट-टूच्या खाचेत बसत नाही. कार्ड तिरपे घालून, खाली दाबून स्क्रूने बसवावे. दोन्ही अँटेना जोडाव्यात. मुख्य अँटेना ‘मेन’ लिहिलेल्या जागी, साहाय्यक ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी. त्यानंतर सिम घालावे आणि सर्वांत शेवटी अडॅप्टर संगणकाला जोडावा. सिम आधी मोबाइलमध्ये घालून ते सुरू असल्याची आणि त्यावर पिनचे कुलूप नसल्याची खात्री करून घेतली, तर पुढचा बराच शोध वाचतो.

विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत बहुतेक फोर-जी कार्डांना लागणारी मूळ प्रणाली आतच असते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘सेल्युलर’ असा पर्याय दिसू लागला की कार्ड ओळखले गेले असे समजावे. जोडणी आपोआप झाली नाही, तर एपीएन हे नाव स्वतः भरावे लागते : जिओसाठी ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, हे सर्व इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. काही उपकरणे प्रथम जोडल्यावर सीडी ड्राइव्हसारखी दिसतात. त्यातील प्रणाली बसवली की ती मोडेमच्या रूपात येतात. यंत्र बिघडले असे मानून परत करण्याची घाई करू नये.

एक सेटिंग न विसरता करावे : ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी. नाहीतर संगणक आपल्या अद्ययावतीकरणात दिवसाचा सारा डेटा संपवतो आणि विवरणपत्राच्या वेळी हात रिकामे राहतात. विवरणपत्राला आणि ई-वे बिलाला लागणारा डेटा मुळात फारच थोडा असतो.

अँटेनाची जागा

सिग्नल मोजण्याचे एकक डेसिबल-मिलिवॉट असून आकडा उणे असतो. फोर-जीमध्ये उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० च्या आसपास चालण्याजोगा, आणि उणे ११० च्या पलीकडे भरवशाचा नाही, असा ढोबळ हिशेब ठेवावा. तीन डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी. बारीक अँटेना तारेत १८०० मेगाहर्ट्‌झला दर मीटरमागे एक डेसिबलहून अधिक घट होते. म्हणून अँटेनाची तार लांबवण्यापेक्षा यूएसबीची तार लांबवून अख्खा अडॅप्टर खिडकीपाशी नेणे शहाणपणाचे. साध्या यूएसबी २.० तारेची मर्यादा पाच मीटर धरावी. पत्र्याच्या छपराखालून अडॅप्टर बाजूच्या खिडकीत सरकवला, तर केवळ जागा बदलल्याने पुष्कळ फरक पडतो.

येथे एक सावधगिरी हवी. अँटेना लावणे निराळे आणि सिग्नल वाढवणारा ‘बूस्टर’ बसवणे निराळे. परवान्याविना बूस्टर बसवणे कायद्याने गुन्हा आहे. त्याने शेजाऱ्यांच्या मोबाइल सेवेतही व्यत्यय येतो. विक्रेता कितीही आग्रह करो, तो मोह टाळावा.

ओटीपीचा अडसर

जोडणी मिळाली तरी काम पुरे होत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर प्रवेश करताना सर्व करदात्यांना दुहेरी पडताळणी लागते. ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल मालकाच्या खिशात परगावी असेल, तर पेढीवरची दुसरी वाटही दारापाशीच थांबते. यावर तोडगा आहे. एनआयसी-जीएसटी-शील्ड या शासकीय ॲपमध्ये ओटीपी फोनवरच तयार होतो. त्यासाठी संदेशाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय ई-वे बिल संकेतस्थळावर मुनिमासाठी वेगळा उपवापरकर्ता तयार करून त्याचा मोबाइल नोंदवता येतो. मालकाचा संकेतशब्द कागदावर लिहून सर्वांना देण्यापेक्षा ही रीत सुरक्षित आणि जबाबदारी निश्चित करणारी आहे.

कार्डाचे सिम मुख्य मोबाइलहून निराळ्या कंपनीचे असावे. दोन्ही एकाच कंपनीची असतील, तर टॉवर बंद पडताच दोन्ही वाटा एकदम मिटतात. आणि सारेच बंद झाले, तरी ई-वे बिल तसेच शून्य विवरणपत्र यांसाठी साध्या संदेशाची शासकीय सोय आहे. त्यासाठी आपला मोबाइल आधीच नोंदवलेला असावा लागतो.

महिन्यातून एकदा

राखीव वाटेचा मोठा शत्रू म्हणजे तिचे विस्मरण. मोबाइल सिम सलग ९० दिवस वापरात नसेल, तर ते बंद केले जाऊ शकते. वर्षभर कपाटात पडलेले कार्ड नेमक्या २० तारखेला बाहेर काढले आणि सिम मृत निघाले, तर आधीचा सारा खटाटोप व्यर्थ. म्हणून महिन्याच्या ठरलेल्या एका दिवशी, समजा ५ तारखेला, मुख्य जोडणी बंद करून पेढीचे एखादे खरे काम या कार्डावरून करावे. एखादे ई-वे बिल काढावे, बँकेची शिल्लक पाहावी आणि रोजकीर्दीच्या समासात तशी नोंद करावी.

ही कृती पेढीवर किमान दोघांना यावी. बऱ्याच घरांत संगणकाचे ज्ञान एका मुलाजवळ किंवा सुनेजवळ असते; ती व्यक्ती शिक्षणासाठी पुण्याला किंवा माहेरी गेली की घरातील ज्येष्ठांना साध्या तारेचा उलगडा होत नाही. कार्डाचा मॉडेल क्रमांक, सिमचा क्रमांक, रिचार्जची मुदत, एपीएन आणि जोडणीचा क्रम एका कागदावर मराठीत लिहून तो संगणकाशेजारी लावावा. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीबरोबर हा कागदही नव्याने लिहून काढावा. वर्षभरात बदललेले क्रमांक त्या निमित्ताने दुरुस्त होतात.

आपल्या आचारात जयणेला मोठे स्थान आहे : प्रत्येक क्रिया जागरूकपणे आणि कोणास इजा न होईल अशा रीतीने करणे. दिवा लावताना, पाणी गाळताना ती जशी पाळतो, तशी ती व्यवहारातही पाळता येते. आपल्या हलगर्जीपणाने दूरच्या व्यापाऱ्याची वजावट अडू नये, रस्त्यावरच्या चालकाला रात्रभर तिष्ठत राहावे लागू नये, शेतकऱ्याची रक्कम दुसऱ्या दिवसावर जाऊ नये, हाही तिचाच भाग. जुन्या लॅपटॉपमधून निघालेले बोटभर कार्ड, एक अडॅप्टर आणि महिन्यातून एकदा दिलेली पंधरा मिनिटे एवढ्यावर हे साधत असेल, तर पुढच्या महिन्याची ११ तारीख येण्याआधीच त्याचा आरंभ करावा.